अपूर्वाचा पायगुण

सेक्टर 10, भिलाई
12 डिसेंबर 2023

ती. दुर्गाताई यांस,

कमलचा नमस्कार.

तुम्ही आणि दौलतराव भाऊजी बरे असाल. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. यांचा खोकला आता कमी आहे. सकाळी कान बांधून, स्वेटर घालून बागेला पाणी देतात, ऐकत नाहीत. उर्वीची सहामाही परीक्षा सुरू आहे. अपूर्वा शाळेतून येते, पोरीचा अभ्यास घेते, पेपर तपासत बसते. म्हणजे वरून पाहिलं तर घर चालू आहे.

तुम्हाला वाटेल, भिलाईहून शेजारच्या दुर्ग शहरात, मोहन नगरात, पत्र कसलं पाठवते ही बाई. ऑटोत बसून येता आलं असतं, फोनही हाताशी आहे. पण ताई, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुमच्यासमोर मला एक वाक्य धड पूर्ण करता आलेलं नाही. फोनवर तर तुम्ही "हो हो, समजलं मले" म्हणता आणि ठेवून देता. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझ्या गौरवच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आलात, सगळं उभं राहून करून घेतलंत, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तुम्ही नसता तर यांना आणि मला ते झेपलं नसतं. पण जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत सगळ्या नातेवाईकांसमोर तुम्ही जे बोललात ते माझ्या कानातून जात नाही. तुमच्या त्या महाराजांनी अपूर्वाची पत्रिका पाहिली म्हणे. तिचा मंगळ गौरवच्या आयुष्यावर होता म्हणे. "पोरीचा पायगुणच असा, विद्याधर, त्याले तू काय करशील आणि मी काय करीन," असं तुम्ही यांना म्हणालात. हे खाली मान घालून बसून राहिले. मग तुम्ही ठरवूनच टाकलं. दत्तजयंतीला तुमच्या घरी शांती, अपूर्वानं सगळ्यांसमोर गौरवच्या फोटोपुढे माथा टेकून माफी मागायची, आणि नंतर काही दिवस राजनांदगावला माहेरी जाऊन राहायचं. उर्वी मात्र आमच्याकडे.

अपूर्वा तेव्हा तिथेच उभी होती, ताई. मागून जेवायला बसणाऱ्यांसाठी कढीचं पातेलं घेऊन निघाली होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही, मी पाहिलं. ती फक्त म्हणाली, "ठीक आहे, आत्या," आणि आत जाऊन कढी वाढायला लागली.

ते "ठीक आहे" मला फार लागलं. ती रडली असती, भांडली असती, तर मलाही काही सुचलं असतं.

आता उर्वीचं सांगते, कारण खरं म्हणजे तिच्यामुळेच मी लिहून राहिले आहे. परवा दुपारी अपूर्वा शाळेतून येऊन जरा आडवी झाली होती. मी खोलीत गेले तर उर्वी पलंगाच्या पायथ्याशी बसलेली. आईच्या पायावरची चादर तिनं हळूच वर केली होती आणि वाकून तळवे पाहत होती. मी विचारलं, काय करतेस गं? तर मला हातानं चूप म्हणाली, बाहेर घेऊन आली आणि विचारते, "आजी, मम्मी के पैर में क्या है? मोठी आजी बोली थी, उसी से पापा गये."

सहा वर्षांची पोर आहे. तिला पायगुण शब्दाचा अर्थ माहीत नाही, म्हणून तिनं पायात शोधलं. मी तिला जवळ घेतलं, काहीतरी सांगितलं, काय सांगितलं ते आठवत नाही. पण तेव्हापासून माझ्या अंगाची जी आग होऊन राहिली आहे ती शांत होत नाही.

ताई, हे लग्न कोणी जमवलं होतं? अपूर्वाचं स्थळ तुम्ही आणलं. पत्रिका तुमच्याच ओळखीच्या गुरुजींनी पाहिली. गुण उत्तम जुळतात म्हणून सगळ्या मोहन नगरात पेढे तुम्ही वाटले. तेव्हा हा मंगळ कुठे होता? लग्नानंतर गौरवला चांगली नोकरी लागली, तेव्हा "आपला पोरगा हुशारच आहे" म्हणालात. उर्वी झाली, तेव्हा म्हणालात, आमच्या घराण्याचं नाक घेऊन आली. जे जे चांगलं झालं ते गौरवचं आणि घराण्याचं. तो गेला, तेवढं मात्र हिचं.

मी देवाला न मानणारी बाई नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी पूजा केल्याशिवाय मी चहा घेत नाही. गुरुवारचा उपास मी गौरव गेल्यावरही सोडला नाही. पण ज्या देवापुढे मी बसते तो एका शिकवणाऱ्या, राबणाऱ्या बाईला तिच्या जन्माच्या वेळेसाठी शिक्षा करत असेल, तीही तिचा नवरा मारून, तर मी इतकी वर्षं कोणापुढे बसत होते? तुमच्या महाराजांना हे विचारा. मला त्यांचं उत्तर नको, तुम्ही विचारलंत तरी पुरे.

गौरवला ट्रकनं उडवलं. ट्रक चालवणारा माणूस होता. त्याला डोळे होते, हात होते. तो सापडला नाही म्हणून काय घरातल्या बाईला धरायचं? त्या संध्याकाळबद्दल मला जास्त लिहायचं नाही, तुम्हीही विचारू नका.

तर अपूर्वा दत्तजयंतीला येणार नाही. ती हो म्हणाली असली तरी मी नाही म्हणते. राजनांदगावला तिला जावंसं वाटेल तेव्हा ती पोरीला घेऊन जाईल आणि मन होईल तेव्हा परत येईल. हे घर तिचं आहे.

भाऊजींना नमस्कार सांगा. त्यांच्या गुडघ्यांना आता बरं असेल.

तुमची,
कमल


सेक्टर 10, भिलाई
23 डिसेंबर 2023

दुर्गाताई,

नमस्कार. खुशालीचं या वेळी लिहीत नाही, रागावू नका.

मी तुम्हाला एकटीला पत्र लिहिलं होतं. तुम्ही त्याचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "वाचा, विद्याधरची बायको कोणाची बाजू घेऊन राहिली ते." तिथे मग कोणी हात जोडले, कोणी लिहिलं की ट्रक निमित्त असतो, भोग पत्रिकेतला असतो. उर्वीचं मी लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं असणार. त्यावर एकाही माणसाला एक शब्द लिहावासा वाटला नाही.

पण एका अर्थानं तुम्ही ते टाकलंत हे बरं झालं. कारण ते अपूर्वानंही वाचलं.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. ती आली, माझ्यासमोर बसली, अर्धी भेंडी स्वतःकडे ओढली आणि चिरायला लागली. मग खाली पाहतच म्हणाली, "आई, तुम्ही पत्रात ट्रक लिहिला."

मी म्हटलं, "मग काय लिहू?"

"तुम्हाला खरंच वाटते, ट्रक होता?"

माझा हात थांबला. मी विचारलं, "तुले कोणी सांगितलं?"

"सिद्धांतनं. आणि डॉक्टरांनी मला विचारलं होतं, हे किती प्यायले होते म्हणून. मी म्हटलं, मला माहीत नाही." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे ना, आई?"

मला माहीत होतं, ताई. तो सिद्धांत, गौरवचा मित्र, त्या संध्याकाळी त्याच्या मागेच दुसऱ्या गाडीवर होता. आपण सगळे दहाव्या-तेराव्याच्या कामात होतो तेव्हा तो एकदा मागच्या दारानं आला आणि धुण्याच्या दगडावर बसून रडला. "काकू, ट्रक-व्रक काही नव्हता. रायपूरला पार्टीत खूप झाली होती त्याची. मी चाबी मागितली, त्यानं दिली नाही. मला म्हणे, तू मुझे चलाना सिखायेगा क्या? सरळ डिव्हायडरवर गेला, काकू. रस्ता मोकळा होता." मी त्याला पाणी दिलं आणि घरी जायला सांगितलं. कोणाला बोलले नाही. यांच्या तोंडून दवाखान्याच्या व्हरांड्यात "ट्रकनं मारलं" निघून गेलं होतं, आणि सगळ्यांनी ते धरलं होतं. मीही धरलं.

गौरवचं हेल्मेट पोलिसांनी गाडीसोबत परत दिलं. हँडलला अडकवलेलं होतं. त्याच्यावर एक ओरखडा नाही.

अपूर्वाला मी विचारलं, "वर्षभर बोलली कावून नाहीस? एवढं लोकांनी म्हटलं तुले."

ती म्हणाली, "कोणाला बोलू? तुम्ही रोज त्यांच्या फोटोसमोर बसता. मला वाटलं, तुमच्याजवळ तेवढंच राहिलं आहे, ते मी कशाला हलवू. आणि बाबांनी ट्रक सांगितला होता. बाबांना खोटं कसं पाडू?"

"म्हणून माफी मागायले निघाली होतीस?"

"मी माफी मागितली तर सगळे शांत होतील, असं वाटलं. त्यांचं नाव पण नीट राहील."

एका घरात राहून, एका ताटलीत भाजी चिरून, आम्ही दोघी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत होतो. पण माझ्या लपवण्यानं माझं काही बिघडलं नाही. मला सगळे बिचारी म्हणत होते. बोल सगळे तिला लागत होते. हे मला त्या भेंडीच्या ताटलीसमोर बसून कळलं, आणि मला इतका संताप आला की मी उठून यांच्याकडे गेले.

हे बाहेर उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी म्हटलं, "मी ताईंना कळवून राहिले आहे की ट्रक नव्हता."

हे एकदम पांढरे पडले. आधी म्हणाले, कोण म्हणते नव्हता. मग म्हणाले, "मेलेल्या पोराची बदनामी कावून करतेस? तो येणार आहे का आता उत्तर द्यायले?"

"तो येणार नाही म्हणूनच आपण द्यायचं."

"लोक म्हणतील, दारुड्या होता."

"म्हणतील. वर्षभर अपूर्वानं ऐकलं, आता काही दिवस आपण ऐकू."

हे पेपरची घडी करत राहिले. घडी करून झाली तरी पुन्हा उलगडून पुन्हा करत राहिले. मग मी जे बोलले ते बोलायचं ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही स्टील प्लांटमध्ये फोरमन होता. तिथे शॉपमध्ये मशिनीवर कोणाला लागलं की पहिले काय विचारायचे? बेल्ट बांधला होता का, हेल्मेट घातलं होतं का, डोकं ठिकाणावर होतं का. तेव्हा कोणाच्या बायकोची पत्रिका मागवली होती का?"

यांनी चष्मा काढून पुसला. मग खिशातून फोन काढला आणि एका बोटानं एक-एक अक्षर शोधत लिहायला लागले. मला वाटलं कोणाला फोन लावून राहिले. लिहून झाल्यावर फोन माझ्या हातात दिला. तोवर ग्रुपवर पाठवून झालं होतं. तुम्ही ते वाचलंच असेल, तरी इथे पुन्हा लिहिते, कारण यांनी आयुष्यात इतकं अवघड काही लिहिलं नसेल: "गौरवला ट्रकनं मारलं नाही. तो दारू पिऊन गाडी चालवत होता. ट्रकचं मी खोटं सांगितलं. अपूर्वाचा कोणताही दोष नाही. विद्याधर."

मग हे रडले. गौरव गेल्यापासून पहिल्यांदा. मी पाहिलं तर अपूर्वा दारात उभी होती, पाण्याचा ग्लास घेऊन. यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "बेटा, दत्तजयंतीले कुठं जायचं नाही आपल्याले." एवढंच म्हणाले, पण तिला ते पुरलं असावं. ती आत गेली आणि मोठ्यानं रडली. ते रडणं ऐकून मला बरं वाटलं, हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

तुम्ही त्यानंतर ग्रुप सोडला. फोनही उचलत नाही. दौलतराव भाऊजींचा मात्र संध्याकाळी फोन आला होता. म्हणाले, "विद्याधरले सांगजो, मी वाचलं." मग म्हणाले, "अपूर्वा कशी आहे?" वर्षभरात तुमच्या घरातून तिच्याबद्दल आलेला हा पहिला प्रश्न.

तुम्हाला वाटेल, कमलनं स्वतःच्या पोराला चव्हाट्यावर आणलं. तो वाईट नव्हता, ताई. तुम्हाला सांगायला नको, तुमच्याच मांडीवर वाढला. उर्वीला सायकल शिकवताना तिच्यामागे सगळ्या सेक्टरभर धावायचा. माझी कंबर धरली की स्वतः पोळ्या लाटायचा, नकाशे व्हायचे त्यांचे. दारू प्यायला तरी कोणावर हात उचलला नाही. फक्त कोणाचं ऐकायचा नाही. त्या दिवशी निघताना अपूर्वा म्हणाली होती, गाडी नका नेऊ, ट्रेननं जा. तेव्हा हसला आणि गेला. मित्रानं चाबी मागितली, तेव्हाही हसलाच असेल. कोणत्याही ग्रहानं त्याचा हात धरून चाबी फिरवली नाही. शिकलेला, लेकरू असलेला माणूस होता. त्याला कळत होतं.

आता जे लिहिते ते मी यांनाही सांगितलं नाही.

मला त्याचा फार राग येतो. रोज त्याच्या फोटोसमोर बसते ते सगळ्यांना वाटतं, आई आहे, आठवण काढते. मी त्याच्याशी भांडते, ताई. त्याला विचारते की तुझ्या पोरीला शाळेत वडिलांचं नाव विचारतात तेव्हा ती काय सांगत असेल, याचा तू चाबी फिरवताना एकदा तरी विचार केला का? मेलेल्या मुलाचा राग येतो हे कोणत्या आईनं कोणाला सांगावं? मला कोणी शिकवलं नाही. माझ्या आईनं दुःख कसं करायचं ते शिकवलं होतं, हे नाही.

अपूर्वाच्या मंगळावर सगळं टाकलं असतं तर मला गौरववर रागवावं लागलं नसतं. किती सोपं झालं असतं. मला वाटतं, तुम्हालाही तेच टाळायचं होतं. तुम्ही त्याला माझ्याइतकंच केलं, हे मी कधी नाकारलं नाही. महाराजांकडे तुम्ही गेलात ते दुष्टपणानं नाही, हे मला कळतं. पण तुमचं दुःख खरं असलं म्हणून तुम्ही केलं ते बरोबर होत नाही. स्वतःचं मन शांत करायला तुम्ही एका जिवंत मुलीला सगळ्यांसमोर माथा टेकायला लावायला निघाला होता, आणि तिच्या लेकराच्या डोक्यात विष घातलंत. याचा भोग कोणत्या पत्रिकेत शोधू? हे तुम्ही केलं आहे. तुमच्या तोंडानं केलं आहे.

म्हणून मागणं एकच. महाराजांना विचारून नाही, मुहूर्त पाहून नाही, तुम्ही इथे या. उर्वीला समोर बसवा आणि तुमच्या तोंडानं सांगा की मोठी आजी चुकीचं बोलली होती. माझ्या सांगण्यानं तिला अर्धंच पटलं आहे. ज्यानं सांगितलं त्यानंच खोडायला पाहिजे, लहान मुलांचं तसंच असतं. अपूर्वाची माफी मागा असं मी म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही पाहा. ती तुम्हाला चहा करून देईल, तिचा स्वभाव मला माहीत आहे. माझ्याकडून मात्र लगेच गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

पोरीला वडिलांबद्दल काय सांगायचं, तेही आम्ही ठरवलं आहे. खरं सांगायचं, तिला झेपेल तसतसं, थोडं थोडं. तिचा बाप तिच्यावर जीव टाकायचा, हे पहिले. मग त्यानं एक चूक केली आणि ती त्याची होती, हे. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं असतं, हे समजायला मला या वयापर्यंत थांबावं लागलं. तिला इतकं थांबावं लागू नये.

याल तर या. नाही आलात तर मी पुन्हा लिहिणार नाही.

तुमच्यावर रागावलेली, आणि त्याच्यावरही,

गौरवची आई,
कमल